ह्यांचा पूल

४ जुलै

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर थोडा रागही.

तुला जाऊन महिना होत आला. पत्र आलं एक, आणि त्यात सगळी चौकशी चिमणीच्या खोकल्याची. सासू खोकत असली तर तिने कोणाला सांगायचं? फोन करत जा म्हणू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझ्या पी.ए.ला.

तुझ्या लेकीचा खोकला गेला. सकाळी बसने पूल ओलांडून शाळेत जाते, येताना मैत्रिणींबरोबर चालत येते आणि पुलावर रेंगाळते. तिथे काय करता गं म्हटलं, तर म्हणाली, बाबांच्या नावाच्या कोनशिलेला टेकून शेंगदाणे खातो. म्हटलं खा. त्याला आवडलं असतं.

घरी माणसांची रीघ अजून आहे. आमदारीणबाई राजधानीला गेल्यात असं सांगितलं तरी पुढच्या खोलीतून कोणी उठत नाही. मग मीच विचारते, काय काम आहे. आतापर्यंत दोन बदल्या, एक नळ आणि एक रुसून माहेरी गेलेली बायको एवढं माझ्याकडे आलं आहे. बायकोचं मी मिटवलं. बाकीचं तुझं.

आता मनातलं सांगते. निवडणुकीत तुझ्या पोस्टरवर माझ्या मुलाचा फोटो तुझ्या फोटोपेक्षा मोठा होता. लोक म्हणाले, सुनेला नवऱ्याच्या फोटोने निवडून आणलं. मला ते ऐकून बरं वाटलं गं. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच्या जागेवर तू निवडून आलीस आणि मला वाटलं, तोच आला. तुला काय वाटलं असेल हे मी विचारलंच नाही. आता विचारते.

परवा टीव्हीवर सभागृह दाखवलं, त्यात एक खांब आणि तुझा अर्धा कान दिसला. पुढच्या वेळी खांबाच्या अलीकडे बस.

तुझी वाट बघणारी, पण तसं न दाखवणारी,
आई


१९ जुलै

ती. आईंना सा. न., आणि खोकल्याबद्दल कान धरून माफी.

खांबाच्या अलीकडे मंत्री बसतात. आम्ही नवे सभासद खांबामागे, जिथे झोप लागली तरी कोणाला दिसत नाही. मी अजून झोपलेले नाही हे चिमणीला मुद्दाम सांगा.

काल पहिलं भाषण झालं. माइक माझ्या आधी बोललेल्या उंच गृहस्थांच्या तोंडाशी होता. तो खाली ओढेपर्यंत माझा निम्मा वेळ संपला. दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे इतकी वर्षं बसले, तिथे लोक वाकून माझ्याशी बोलायचे. इथे मलाच मान वर करून बोलावं लागतं. बाळंतिणींच्या वॉर्डात गरम पाण्याची सोय करा, एवढंच मागितलं. सभापती म्हणाले, दिवंगत सभासदांच्या पत्नीने चांगला प्रश्न मांडला आहे. माझं नाव त्यांच्या तोंडी बसेपर्यंत बहुतेक माझी मुदत संपेल. पण पाणी मंजूर झालं.

फोटोचं विचारलंत म्हणून सांगते. मलाही त्याचा आधारच होता. दारोदार फिरताना लोक माझ्याकडे न बघता ह्यांच्या फोटोकडे बघायचे, तेवढ्यात मला डोळे पुसून घेता यायचे. फक्त एका आजींनी विचारलं, की त्याने पूल दिला, तू काय देणार. मी हसून पुढे गेले. त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

माया पाठवत राहा. इथे तिचा तुटवडा आहे.
तुमची सून


११ डिसेंबर

ती. आईंना सा. न.

हे पत्र वाचून कोणाला दाखवू नका. चिमणीलाही नाही.

अडीच वर्षांत मी तुम्हाला बऱ्यावाईट खूप बातम्या लिहिल्या, पण अशी पहिलीच. परवा सरकारी खात्यातली एक इंजिनिअर बाई मला भेटायला आली. पुलांची तपासणी करणं हे तिचं काम. ती म्हणाली, की आपल्या पुलाच्या मधल्या दोन खांबांचा पाया उघडा पडला आहे. नदीचं पात्र खोल गेलंय आणि खांब जवळजवळ अधांतरी आहेत. मोठा पूर आला तर पूल जाऊ शकतो. मी विचारलं, नक्की कधी. ती म्हणाली, ते सांगता आलं असतं तर तुमच्याकडे आलेच नसते. तिने वरच्यांना दोनदा कळवलं, पण कोणीही मनावर घेतलं नाही. मग तिला वाटलं, ज्यांचा पूल आहे त्यांच्या घरच्या माणसाने तरी ऐकावं.

मी पक्षाच्या अध्यक्षांची वेळ मागितली आहे. तोवर एक करा. चिमणीला बसने पाठवू नका. जुन्या नावाड्याला सांगा, तो होडीने पलीकडे सोडेल. कारण काहीही सांगा, तिला बस लागते म्हणा. गावात गवगवा नको, उगाच लोक घाबरतील.

मला झोप नाही. तुम्ही तरी घ्या, आणि माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची सून


१६ डिसेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद. राग मोठा आहे म्हणून पत्र लहान लिहिते.

तो पूल बांधताना माझा मुलगा रोज तिथे उभा असायचा. मी डबा पाठवायची. घरी यायचा तेव्हा भुवयांवर सिमेंट असायचं, धुतल्याशिवाय ओळखू यायचा नाही. आणि आता तू म्हणतेस पूल कच्चा. लोक काय म्हणतील ते कळतं ना तुला? म्हणतील आमदाराने त्यात हात मारला. गेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. त्याच्या बाजूने बोलायला मी एक आहे आणि मला वाटत होतं तू दुसरी.

आता चिमणीचं. तिला होडीने पाठवा म्हणतेस. त्या बसमध्ये चाळीसेक पोरं असतात. शिंप्याच्या दोन मुली, डॉक्टरांचा तोतरा मुलगा, खालच्या गल्लीतली ती दंगेखोर जुळी. पूल पडणार असेल तर सगळ्यांसकट पडेल. आपली तेवढी उचलून होडीत ठेवायची आणि बाकीच्यांना हात हलवून निरोप द्यायचा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुला गावाने निवडून दिलंय. बस बंद करायची असेल तर सगळ्यांची कर.

आज चिमणी बसनेच गेली. बस पलीकडे टेकेपर्यंत मी खिडकीत उभी होते. दूध उतू जाऊन सगळी शेगडी भरली.

रागावले म्हणून लोभ आटला असं समजू नकोस.
आई


२४ डिसेंबर

ती. आईंना नमस्कार.

तुमच्या पत्राने थोबाडीत बसली. बसायलाच हवी होती. खिडकीतलं तुमचं उभं राहणं मला सारखं दिसत राहिलं.

आधी ह्यांचं सांगते. इंजिनिअर बाईला मी स्पष्टच विचारलं, की बांधकामात खोट होती का. ती म्हणाली, सिमेंट आणि लोखंड आजही खणखणीत आहे, असं काम हल्ली बघायला मिळत नाही. खोट नदीत झाली आहे. ठेकेदारांनी पंप लावून पुलाच्या आसपासची वाळू उपसली, वर्षानुवर्षं. परवाना होता पुलापासून बराच खालच्या अंगाचा, पण पुलाजवळची वाळू चांगली म्हणून तिथलीच काढली. आई, हे ठेकेदार आपल्याच पक्षाचे. माझ्या प्रचाराच्या गाड्या त्यांच्याच होत्या. मी त्या गाड्यांत बसून हात हलवत त्याच पुलावरून गेले.

काल अध्यक्षांकडे गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा मागवला, चिमणी कितवीत आहे तेही विचारलं. मग म्हणाले, की पूल बंद करू, नव्या पुलाला मंजुरीही देऊ, पण कारण द्यायचं ते मूळ बांधकामातल्या दोषाचं. आणि ते मी सांगायचं, सभागृहात उभं राहून. बायकोच्याच तोंडून आलं की कोणी शंका घेणार नाही. वाळूचा उल्लेखही नको. मी उठायला लागले, तेव्हा ते म्हणाले, की तुमच्या नवऱ्याला आता निवडणूक लढवायची नाही, तुम्हाला लढवायची आहे. पुढच्या खेपेला मंत्रिपदाचं बघू, असंही जाता जाता म्हणाले.

नाही म्हटलं तर कागद पडून राहील आणि पावसाळा काही कोणासाठी थांबत नाही. मी आठ दिवस मागितले आहेत. तुम्ही सांगाल तसं करीन असं मी म्हणत नाही, तो भार तुमच्यावर टाकायचा नाही. पण तुम्हाला न सांगता ह्यांच्याबद्दल एक शब्दही माझ्या तोंडून निघायचा नाही.

सांभाळून घ्या.
तुमची सून


२९ डिसेंबर

चि. सूनबाईस अनेक अनेक आशीर्वाद.

परवा जुन्या नावाड्याकडे गेले. पूल झाला आणि त्याचा धंदा बसला, तरी माणूस माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. त्याला म्हटलं, मला पुलाखाली ने. तो म्हणाला, या वयात काय बघायचंय. म्हटलं, लेकाचं काम.

नदीला पाणी कमी होतं. वरून पूल रोज बघते, खालून पहिल्यांदा बघितला. हिरड्या सुटल्यावर दात लांब दिसतात ना, तसे ते दोन खांब दिसत होते. एके काळी पाणी कुठवर असायचं त्याची काळी रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. होडी थांबवून मी खांबाला हात लावला. गार होता आणि गुळगुळीत. कुठे तडा नाही, पोपडा नाही. माझ्या मुलाने चोख काम केलं होतं गं. तेवढ्यात वरून बस गेली आणि हाताला थरथर लागली. माझा हात थरथरला असेल म्हणून दुसरी बस येईपर्यंत थांबले. माझा हात नव्हता.

घरी येऊन त्याच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. मग जे ठरलं ते लिहिते. त्याच्यावर टाक.

हो, खरंच म्हणते. म्हण, की नवऱ्याने बांधकामाकडे लक्ष दिलं नाही. लोक चार दिवस तोंडसुख घेतील. माझ्याकडे बघून कुजबुजतील. मला तसंही निम्मंच ऐकू येतं. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, आता त्याची बदनामी उरलेलं आयुष्य वागवीन, मला जड नाही. पण खालच्या गल्लीतली ती जुळी मला रोज आजी म्हणून हाक मारतात. त्यांच्या आईसमोर मला उभं राहता आलं पाहिजे.

तो असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. कदाचित माझ्याइतका वेळ न घेता.

मनात काही ठेवू नकोस. लोभ होता तेवढा आहे, थोडा वाढलाच आहे.
आई


८ जानेवारी

ती. आईंना साष्टांग नमस्कार. या खेपेला तो नुसता लिहिण्यापुरता नाही. पत्र वाचलं तेव्हा खरोखर खाली वाकले होते.

तुम्ही वाट मोकळी करून दिलीत आणि तरी मी त्या वाटेने गेले नाही. रागावण्याआधी कारण ऐका.

तुमचं पत्र घेऊन मी अध्यक्षांकडे निघालेच होते. जाताना एकच विचार आला, की दोष ह्यांच्यावर गेला तर पंप तसेच चालू राहतील. नवा पूल त्याच नदीत उभा राहणार. त्याच्या खालची वाळूही काढतील, आणि तेव्हा दोष द्यायला दुसरा कोणी गेलेला माणूस शोधतील. मग चिमणीची पोरं कुठल्या बसने जाणार?

म्हणून काल प्रश्नोत्तरांच्या तासाला उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वाळू, पंप, कोणाचे आणि किती वर्षं. आपल्याच बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. माइक बंद पडला, पडला म्हणजे पाडला. मग दवाखान्यात मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांना गोळ्या समजावून सांगायचे त्या आवाजात बोलले. इंजिनिअर बाई बाहेर पत्रकारांसमोर उभी राहिली, नोकरीची पर्वा न करता. संध्याकाळपर्यंत सगळीकडे बातमी झाली होती, आणि आज सकाळी जिल्हाधिकाऱ्यांनी पूल बंद केल्याचा फोन आला. पंपही सील झाले.

पक्षाने मला काढलं. सभागृहात आता माझी खुर्ची खांबाच्याही मागे, दाराजवळ आहे. गंमत म्हणजे सभापतींनी काल पहिल्यांदा मला नावाने हाक मारली, खाली बसा म्हणायला.

गावात आता तुम्हाला त्रास होईल. मी इथे आणि तुम्ही तिथे एकट्या, हे मला बोचतं आहे. दाराला कडी लावत जा, आणि मला आशीर्वाद देत राहा.
तुमची सून


२ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र वाचून आधी रडले, मग चिमणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आईने बाबांना वाचवलं. मी म्हटलं, आधी तुम्हाला.

त्रासाचं विचारतेस तर आहे थोडा. पूल बंद झाल्यापासून पलीकडे जायला घाटरस्त्याने तास-दीड तास मोडतो. बाजार ओस पडलाय. पुढच्या खोलीत आता कोणी येऊन बसत नाही, खुर्च्यांवर धूळ बसते. शिंप्याने माझं पोलकं शिवायला नकार दिला. त्याच्या दोन्ही मुली त्याच बसमधल्या, पण गिऱ्हाईक पलीकडच्या काठाचं, त्याचं दुकान बुडालं. मी त्याच्याशी भांडले नाही. परवा कोणीतरी खिडकीची काच फोडली. नवी बसवून घेतली, पूर्वीच्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

एकटा नावाडी खूश आहे. तुझं नाव काढून रोज हसतो.

तब्येतीला जप. आमचं चाललंय.
आई


६ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आणि चि. चिमणीस आशीर्वाद.

तुम्ही दोघी राजधानीला राहायला गेलात त्याला आता दोन वर्षं होतील. मला बोलावतेस, पण हे घर सोडवत नाही. तू पुन्हा औषधांच्या खिडकीत बसतेस आणि चिमणी कॉलेजला जाते, एवढं कळलं की माझा दिवस बरा जातो.

जुना पूल पाडायला घेतला. मी रोज खिडकीतून बघते. मोठं यंत्र लावलंय, त्याचा दणका खांबावर बसतो आणि खांब हलत नाही. अख्खं गाव काठावर जमतं. काल बाजारातला एक दुकानदार मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की एवढा मजबूत पूल सुनेने उगाच बंद करवला. निवडणुकीच्या आधी तो मोठा पूर येऊन गेला आणि पूल जागचा हलला नाही, तेही त्याने पुन्हा काढलं. त्या पुरानेच तुला निवडणुकीत पाडलं, पूल नाही पडला.

माझं काय झालं ते सांगते. प्रत्येक दणक्याला एकदा वाटतं, बघा, माझ्या मुलाचं काम. आणि लगेच वाटतं, आता पडू दे बाबा, माझ्या सुनेला खोटं पाडू नकोस.

तुझी कासावीस
आई


१५ नोव्हेंबर

ती. आईंना सा. न.

तो दुकानदार म्हणतो ते मीही स्वतःला कधीकधी म्हणते. गोळ्या मोजून देताना मध्येच वाटतं, कदाचित तो पूल अजून वीस वर्षं उभा राहिला असता. इंजिनिअर बाईला परवा भेटले. तिची बदली नकाशांच्या खोलीत झाली आहे, खिडकी नसलेल्या. तिला विचारलं, आपलं चुकलं का. ती म्हणाली, हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि कळावं अशी इच्छाही धरू नका. ते कळण्याचा एकच मार्ग होता.

तेव्हापासून मी शांत आहे. बाजार बुडाला, शिंप्याचं दुकान गेलं, ते माझ्या नावावर आहे आणि राहील. पण बसमधली सगळी पोरं मोठी झाली. डॉक्टरांचा तो तोतरा मुलगा चिमणीच्या कॉलेजात वादविवादात भाग घेतो म्हणे.

खिडकीत फार वेळ उभ्या राहू नका. आणि दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी ही चिंता सोडा. आम्ही दोघं कधी वेगळ्या बाजूला नव्हतोच.
तुमची सून


२१ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

नवा पूल सुरू झाला. तुला कोणी कळवणार नाही, म्हणून मीच कळवते. मंत्री आले, फीत कापली, कोनशिलेवर चार नावं आहेत. त्यांत ना त्याचं, ना तुझं. पण काठावर एक चौकी आहे, आणि वाळू काढायला मनाई असा लोखंडी फलक. मी मुद्दाम जाऊन बघितलं. चौकीत माणूस बसतो, आणि जागा असतो.

भाषण संपल्यावर गर्दीतून शिंपी माझ्याजवळ आला. पलीकडे पुन्हा दुकान घातलंय त्याने. खाली बघून म्हणाला, पोलकं टाकायचं असेल तर माप घ्यायला घरी येतो. मी म्हटलं ये.

सगळं गाव पुलावरून जाऊन आलं. म्हातारी माणसंसुद्धा नातवंडांचा हात धरून गेली. मला रोज कोणी ना कोणी विचारतं, की तुम्ही अजून कशा नाही गेलात, गुडघे दुखतात का. मी हो म्हणते. गुडघ्यांना काही झालेलं नाही. पलीकडे काम निघालं की मी अजून होडीनेच जाते.

तुला रजा कधी मिळते ते बघ. चिमणीलाही घेऊन ये. एखाद्या सकाळी ऊन व्हायच्या आत आपण तिघी सावकाश चालत जाऊ, पलीकडच्या काठापर्यंत. तोवर मी थांबते.

तुझीच,
आई